धडधड, भीती, मंत्रचळ: न्यूरोसिसचं निदान आणि उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत

रिपोर्ट नॉर्मल येतात, धडधड मात्र थांबत नाही. मग दुसरा डॉक्टर, पुन्हा ईसीजी, शेजाऱ्यांनी दिलेली अर्धी गोळी आणि हळूहळू लोकलचा प्रवास बंद. ठाणे-नवी मुंबईत उपचारांची सोय नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही माणसं वर्षानुवर्षं या फेऱ्यात अडकतात, कारण क्रम चुकतो. जे शेवटी करायचं ते आधी होतं आणि जे आधी करायचं ते राहूनच जातं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. या आजारात ज्याने त्या क्षणी हायसं वाटतं, त्यानेच पुष्कळदा आजार वाढतो. गाडीत जीव घाबरा झाला म्हणून तुम्ही ऐरोलीला उतरलात आणि दोन मिनिटांत बरं वाटलं, तर मेंदू त्यातून एवढंच शिकतो की ‘उतरलो म्हणून वाचलो’. दुसऱ्या दिवशी भीती आणखी अलीकडच्या स्टेशनावर सुरू होते. पुन्हा केलेला ईसीजी, दहाव्यांदा तपासलेला गॅसचा नॉब, आईला पुन्हापुन्हा विचारलेलं ‘मला काही होणार नाही ना?’ हे सगळं त्याच जातीचं.

न्यूरोसिस हा शब्द आता जुन्या केसपेपरवरच दिसतो. आजचे डॉक्टर त्याऐवजी नेमकं निदान लिहितात: सततच्या काळजीचा चिंताविकार, पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), विशिष्ट गोष्टीची अवाजवी भीती, चारचौघांत वावरण्याची भीती, मंत्रचळ म्हणजे ओसीडी (नको असलेला विचार आणि तो शमवायला पुन्हापुन्हा केलेली कृती), आजारपणाची सतत धास्ती. या सगळ्यांत वास्तवाचं भान सहसा शाबूत असतं. ‘माझी भीती अवाजवी आहे हे कळतं, पण थांबवता येत नाही’ असं माणूस स्वतःच सांगतो. कानात आवाज येत असतील, किंवा कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटत असेल, तर तो वेगळा आजार आहे. अशा माणसाने या लेखावर विसंबून न राहता थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जावं.

## पायरी १: तातडीचं काय, ते आधी वेगळं काढा

छातीत पहिल्यांदाच दुखतंय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, दरदरून घाम फुटलाय, श्वास पुरत नाही किंवा शुद्ध हरपली, तर ‘टेन्शन असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सी विभागात जा. वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आणखी सावध राहा.

जीव द्यावासा वाटणं ही तितकीच तातडीची गोष्ट. त्या माणसाला एकटं सोडू नका, औषधांच्या पट्ट्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

## पायरी २: दोन आठवड्यांची नोंद

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘सारखं कसंतरी होतं’ यापलीकडे काही सांगता येत नाही आणि पहिली भेट वाया जाते. साधी वही घ्या. त्रास झाला की चार गोष्टी लिहा: कधी आणि कुठे झाला, शरीरात काय झालं, त्या क्षणी कोणता विचार आला आणि तुम्ही काय केलंत. सगळ्यात मोलाची माहिती चौथ्या रकान्यात असते आणि लोक नेमका तोच गाळतात. ‘दाराजवळ जाऊन उभा राहिलो’, ‘बायकोला फोन लावला’, ‘खिशातली गोळी चाचपली’ हेसुद्धा लिहायचं.

सोबत रोजचे चहा-कॉफीचे कप, दारू, तंबाखू आणि झोपेची वेळ टिपा. ऐरोली किंवा महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीही लिहावी. उलटीसुलटी झोप आणि पहाटे तीनची चौथी कॉफी एवढ्यानेही धडधड होते. अंगात ताप नाही ना म्हणून कपाळाला हात लावून पाहणं, नाडी मोजणं, हे किती वेळा होतं तेही येऊ द्या.

जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. साधारण ५पासून सौम्य, १०पासून मध्यम आणि १५पासून तीव्र चिंता धरतात. १० किंवा जास्त गुण आले तर भेट लांबवू नका.

सावध: प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड वाढलेल्या माणसालाही त्यात भरपूर गुण मिळतात. आणि ती रोज भरू नका. रोज भरणं हीसुद्धा एक तपासत राहण्याची सवय होऊन बसते.

## पायरी ३: शरीराच्या तपासण्या, एकदाच आणि नीट

मनाचा आजार ठरवण्याआधी शरीर तपासायलाच हवं. फॅमिली डॉक्टरांना वही दाखवा. रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ईसीजी आणि गरजेप्रमाणे बी-१२ एवढ्यात बरंच कळतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात, वजन उतरतं, धडधड होते. रक्त कमी असेल तर जिना चढताना छाती धडधडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, तर ते हुबेहूब भीतीच्या झटक्यासारखं दिसतं.

चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. दम्यासाठीचं साल्ब्युटामॉल, सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, या सगळ्यांनी धडधड होऊ शकते. रोज दारू घेणाऱ्याने ती अचानक सोडली तरी भीती, थरथर आणि घाम येतो. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते. लाजून हे लपवलं तर पुढचं सगळंच चुकतं.

रिपोर्ट नॉर्मल आले आणि ‘हृदयाचा आजार नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की तो विषय तिथे संपवा. नवं लक्षण दिसलं किंवा डॉक्टरांनीच सांगितलं, तरच पुन्हा तपासणी. मनाच्या समाधानासाठी केलेल्या टूडी एकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, आठवडाभर समाधान मिळतं आणि नंतर शंका आणखी बारीक होऊन परत येते.

तपासा: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लागले का? लागले असतील तर पुढच्या पायरीवर जा.

## पायरी ४: योग्य दार निवडा

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो आणि औषधं लिहून देतो. चिकित्सा मानसतज्ज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. तो औषधं देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक विचारायला संकोच करू नका. समुपदेशकांचं शिक्षण खूप वेगवेगळं असतं, म्हणून त्यांना आधी विचारा: पॅनिकवर किंवा मंत्रचळावर तुम्ही सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) करता का? ‘आपण मोकळेपणाने बोलू’ एवढंच उत्तर आलं, तर मंत्रचळासाठी ती जागा पुरेशी नाही.

पहिलं दार मनोविकारतज्ज्ञाचं असावं असं माझं ठाम मत आहे, कारण निदान आधी पक्कं होणं गरजेचं आहे. आपल्याकडे लोक न्यूरोफिजिशियनकडे, ‘नसांच्या डॉक्टरकडे’ आधी जातात, मेंदूचा एमआरआय होतो आणि पुन्हा ‘नॉर्मल’ ऐकून घरी येतात.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. ‘ठाण्याला पाठवू’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या टोमण्यासारखं वापरलं गेलं, म्हणून त्या फाटकातून आत जायला लोक घाबरतात. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे; तपासून, औषध घेऊन माणूस घरी येतो. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि तिथे मानसोपचार विभाग असतो. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्थाही आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात. ओपीडीचे वार आणि वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करूनच निघा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. शारीरिक आजारांना मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा मिळायला हवा, असंही तो कायदा सांगतो. ओपीडीचा खर्च मात्र पुष्कळ पॉलिसींत धरत नाहीत, तेव्हा पॉलिसीचा कागद वाचून घ्या.

## पायरी ५: पहिली भेट आणि निदान

सोबत वही, रिपोर्टची फाइल, चालू औषधांच्या पट्ट्या आणि घरचं एक माणूस न्या. मात्र थोडा वेळ एकट्याने बोलायचंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातला ताण, लैंगिक अडचण, दारू, जीव देण्याचे विचार या गोष्टी सासूसमोर किंवा वडिलांसमोर तोंडातून निघत नाहीत.

डॉक्टर काय शोधतात ते माहीत असलं की उत्तरं नेमकी देता येतात. पहिला प्रश्न काळाचा. प्रचलित निकषांत सततच्या काळजीचा चिंताविकार म्हणायला साधारण सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी असावी लागते. जोडीला थकवा, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं, लक्ष न लागणं यांपैकी काही लक्षणं. दुसरा प्रश्न आकाराचा. पॅनिक अटॅक काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो, काळजी दिवसभर रेंगाळते आणि मंत्रचळात नको असलेला विचार व तो शमवणारी कृती अशी जोडी असते. रोज तासाभराहून जास्त वेळ त्यात जात असेल तर तो आजार धरतात. तिसरा प्रश्न, यामुळे काय काय थांबलं? नोकरी, कॉलेज, लग्नकार्याला जाणं?

दोन गोष्टी न विचारताही सांगा. एक, मन सतत उदास आहे का. चिंता आणि नैराश्य पुष्कळदा हातात हात घालून येतात. दुसरी, आयुष्यात कधी आठ-दहा दिवस झोपेची गरजच वाटली नाही, अंगात प्रचंड उत्साह होता, पैसे उधळले, असा काळ येऊन गेलाय का? आला असेल तर औषधाची निवडच बदलते, कारण चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांनी तो उन्माद उफाळू शकतो.

तपासा: बाहेर पडण्याआधी तीन उत्तरं मिळायला हवीत. निदान काय, उपचार कोणता आणि साधारण किती दिवस, पुढची भेट कधी. ती मिळाली नसतील तर दाराशी थांबून विचारा.

## पायरी ६: गोळ्या घेताना

सौम्य त्रासात नुसत्या सीबीटीनेही भागतं. मध्यम किंवा तीव्र त्रासात गोळ्या आणि सीबीटी दोन्ही लागू शकतात. गोळ्या दोन जातींच्या असतात आणि सगळा घोटाळा त्या एकच समजल्याने होतो.

पहिली जात एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांची. या रोज घ्यायच्या, त्रास असो वा नसो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मंत्रचळात दहा-बारा आठवडे आणि बहुधा जास्त डोस. यांची चटक लागत नाही. पण पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ होते, डोकं दुखतं आणि घाबरेपणा थोडा वाढूही शकतो. ‘गोळीने उलट त्रास झाला’ म्हणत चौथ्या दिवशी पट्टी टाकून देणारे असंख्य लोक याच टप्प्यावर घसरतात. हे दिवस येणार हे आधीच धरून चला आणि फार झालं तर डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. बेचैनी किंवा जीव देण्याचे विचार वाढले तर त्याच दिवशी कळवायचं. साठीच्या पुढे रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून गळून गेल्यासारखं झालं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तपासून घ्या. लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि त्यावर उपाय असतो, तेव्हा सांगा. ट्रामाडॉल किंवा नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेही सांगायलाच हवं.

दुसरी जात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांची. अर्ध्या तासात शांत वाटतं आणि धोका तिथेच आहे. डॉक्टर या गोळ्या सुरुवातीचे दोन-चार आठवडे आधाराला देतात. त्यापुढे शरीराला सवय लागते आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त गोळी लागू लागते. जुन्या चिठ्ठीवर किंवा ओळखीच्या केमिस्टकडून या घेत राहू नका. आणि महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. त्या आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायच्या असतात.

सावध: धडधडीसाठी काहींना प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असलेल्याने ते घेऊ नये. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर मनाने औषध थांबवण्याऐवजी आधी डॉक्टरांना भेटा.

## पायरी ७: भीतीची शिडी

गोळीने भीतीचा जोर ओसरतो, पण बंद पडलेला प्रवास आपोआप सुरू होत नाही. ते काम सीबीटीचं. ती बहुधा आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते सोळा बैठकांची असते. तिचा गाभा म्हणजे टाळलेल्या गोष्टीकडे ठरवून, टप्प्याटप्प्याने परत जाणं. या टप्प्यांची शिडी शक्यतो मानसतज्ज्ञाबरोबर आखावी. लोकलची भीती बसलेल्या ठाणेकरासाठी ट्रान्स-हार्बर मार्ग सोयीचा आहे: ठाणे ते वाशी साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आणि मध्ये जवळजवळ स्टेशनं.

१. प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं उभं राहायचं, गाड्या जाऊ द्यायच्या.
२. रविवारी दुपारी, सोबत घेऊन, ठाणे ते दिघा गाव.
३. तेवढंच अंतर एकट्याने, मग ऐरोलीपर्यंत.
४. एकट्याने कोपरखैरण्यापर्यंत, दारापासून लांब, आत बसून.
५. वाशीपर्यंत, पाण्याची बाटली आणि गोळीची पट्टी घरी ठेवून.
६. हाच प्रवास सकाळच्या गर्दीत.

प्रत्येक पायरीला किती भीती वाटेल ते ० ते १०० मध्ये आधी लिहा आणि तिशी-चाळिशीच्या पायरीपासून सुरुवात करा. निघण्यापूर्वी एका ओळीत भाकीत लिहा, उदाहरणार्थ ‘मी बेशुद्ध पडेन’. परतल्यावर खाली लिहा, प्रत्यक्षात काय झालं. भीतीच्या झटक्यात रक्तदाब बहुधा चढतो आणि भोवळ येऊन पडायला तो उतरावा लागतो. म्हणून ‘पडेन’ हे भाकीत सहसा खोटं ठरतं. रक्त किंवा सुई पाहून येणारी चक्कर याला अपवाद आहे, तिच्यासाठी अंगाचे स्नायू आवळून धरण्याचं वेगळं तंत्र शिकवतात.

भीती शिगेला असताना ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही, हा एकच नियम मोडू नका. दिघ्यापर्यंतच्या अंतरात ती ओसरेलच असं नाही. मग पुढच्या गाडीने तेवढंच अंतर पुन्हा करा. आठवड्यातून चार-पाच दिवस करा. महिन्यातून एकदा केलेल्या धाडसाचा उपयोग होत नाही, मधल्या दिवसांत भीती पुन्हा मूळ धरते.

इथे सगळ्यात जास्त घडणारी चूक बारीक आहे. माणूस वाशीपर्यंत जातो, पण कानात हेडफोन, हातात जप, खिशात गोळी आणि फोनवर बायको. प्रवास होतो, शिकणं होत नाही, कारण वाचलो त्याचं श्रेय गोळीला जातं. श्रद्धेला माझा विरोध नाही. फक्त जप घरी देवापुढे करा, गाडीत भीती दाबायला नको.

झटका आलाच तर श्वास सावकाश करा: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना मुंग्या येतात, हात वाकडे होतात. हे घाबरवणारं असलं तरी ते आपोआप उतरतं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला मानू नका. त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर त्याने धोका वाढतो.

मंत्रचळात शिडी अशीच, फक्त टाळायची असते ती कृती. गॅस एकदाच बंद करायचा, परत पाहायचं नाही आणि ‘राहिला असेल’ ही रुखरुख अंगावर घेत घराबाहेर पडायचं. सोवळ्याच्या किंवा हात धुण्याच्या बाबतीतही तेच. ‘विचारच आणू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी आहे. विचार येणारच, धुवायचं की नाही एवढंच आपल्या हातात असतं.

## पायरी ८: घरच्यांनी काय करायचं

‘मनावर घेऊ नकोस’, ‘सगळे मनाचे खेळ आहेत’, ‘लग्न झालं की सुधारेल’ ही तीन वाक्यं घरातून बाद करा. पण मायेपोटी होणारी चूक जास्त नुकसान करते. आई मुलाबरोबर रोज स्टेशनपर्यंत जाते, नवरा रोज रात्री कुलूप तपासून ‘हो, लावलंय’ म्हणतो, सगळं घर पाहुण्यांकडे जाणं बंद करतं. हे एकदम थांबवलं तर भांडणं होतात. मानसतज्ज्ञासमोर बसून करार करा: प्रश्नाचं उत्तर एकदाच मिळेल, दुसऱ्यांदा ‘यावर आपलं काय ठरलंय?’ एवढंच. आवाज चढवायचा नाही. कराराचे पहिले दोन आठवडे अवघड जातात, तेव्हा धीर धरा.

## पायरी ९: औषध कमी करणं

बरं वाटू लागल्यावरही रोजची गोळी साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवतात, मंत्रचळात वर्ष-दोन वर्षं. ‘दोन महिन्यांत ठीक झालो, आता कशाला गोळी?’ म्हणून थांबवणाऱ्यांचा त्रास पुन्हा उलटतो आणि मग औषधावरचा विश्वासही उडतो. अचानक बंद केलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिण्या येतात. डोस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरवत नेला तर सहसा निभावतं. नवी नोकरी, मुलांची बोर्डाची परीक्षा, घर बदलणं किंवा बाळंतपण असा काळ त्यासाठी निवडू नका.

औषध थांबल्यावर शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या आठवड्यातून एकदा तरी चढत राहा. जुनी वही जपून ठेवा आणि पहिल्या पानावर स्वतःच्या तीन धोक्याच्या खुणा लिहा, जसं की ‘पुन्हा दाराजवळ उभा राहू लागलो’, ‘नाडी मोजू लागलो’, ‘पार्टीला जायचं टाळलं’. यांपैकी दोन खुणा सलग दोन आठवडे दिसल्या तर झटक्याची वाट न पाहता त्याच डॉक्टरांची वेळ घ्या.